डिस्चार्ज बुकात मेडल चढलंच नाही: आधी कुठे अडलंय ते शोधा, मग अर्ज करा

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. शाळेत ध्वजवंदनाला बोलावलेलं असतं, कपाटातला कोट निघतो, मेडलांची पट्टी निघते आणि डिस्चार्ज बुकाशी, म्हणजे नोकरी संपताना मिळालेल्या पुस्तकाशी, ताळा घालताना एखादं कमी भरतं. कुणाचं हाय अल्टिट्यूड नाही, कुणाचं ऑपरेशन पराक्रम नाही. एखाद्याचं मेडल आहे पण त्यावरचा क्लास्प, म्हणजे ठिकाणाचं नाव असलेली पट्टी, नाही. मग अर्ज जातो: ‘मला सदर मेडल मिळालेले नाही, तरी कृपया पाठवावे.’ काही महिन्यांनी जवानांचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून एका ओळीचं उत्तर येतं की नोंद आढळत नाही. पुन्हा तोच अर्ज, पुन्हा तेच उत्तर.

पलटणीत क्लार्क म्हणून नोकरी केली आणि आता गावात बसून माजी सैनिकांचे कागद लिहून देतो, म्हणून ठामपणे सांगतो. यातल्या बहुतेक लोकांचा हक्क खरा असतो, फक्त मागणी चुकीची असते. रेकॉर्ड ऑफिसकडे मेडलांची पेटी भरून ठेवलेली नसते. ते ऑफिस कागदावर चालतं. कागदात नोंद नसेल तर ते मेडल देऊ शकत नाही आणि असेल तर नाकारू शकत नाही. म्हणून मेडल मागू नका, आधी नोंद मागा.

मेडल चार ठिकाणी अडतं. मुळात हक्कच बसत नाही, हे पहिलं. हक्क बसतो पण पलटणीने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा आदेश, काढलीच नाही, हे दुसरं. ऑर्डर निघाली, शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या मूळ नोंदपत्रात, चढली, पण पेन्शन येताना, म्हणजे निवृत्त होताना, डिस्चार्ज बुकात उतरवायची राहिली, हे तिसरं. आणि कागद सगळे चोख, पण हातात मेडल आलं नाही, हे चौथं. चारही ठिकाणी तक्रार एकच असते, ‘मेडल मिळालं नाही’. पण उपाय चार वेगळे.

हक्क बसतो का, हे घरीच तपासा

सगळ्यात सोपी मेडलं तारखेची. १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत होता तर स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, १५ ऑगस्ट १९९७ रोजी होता तर पन्नासाव्या वर्षाचं. नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल नोकरीच्या वर्षांवर. भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख बघा, दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

लढाईच्या मेडलांत लोक गोंधळतात तो स्टार आणि मेडल यांत. १९६५ ला समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ ला पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, १९९९ ला ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. स्टारसाठी ठरवून दिलेल्या रणक्षेत्रात हजेरी लागते, मेडलचं कुंपण त्याहून मोठं असतं. कारगिलच्या उन्हाळ्यात तुमची पलटण राजस्थानच्या सीमेवर खंदकात बसली होती, तर विजय स्टारसाठी भांडू नका. विजय मेडलची नोंद आहे का ते बघा.

उरली ती ठिकाणाची आणि दिवसांची मेडलं. इथेच सगळ्यात जास्त गळती आहे. सैन्य सेवा मेडलवर जम्मू-काश्मीर, हिमालय, नेफा (आताचा अरुणाचल), बंगाल-आसाम असे क्लास्प येतात. हाय अल्टिट्यूड मेडल नऊ हजार फुटांच्या वरच्या नोकरीसाठी. सियाचिन ग्लेशियरचं वेगळं. परदेशातल्या नोकरीला विदेश सेवा मेडल, आणि शांतिसेनेत गेलेल्यांना संयुक्त राष्ट्रांचं वेगळं. दिवस एकत्र मोजले जातात, म्हणजे दोन पोस्टिंगांत तुकड्या-तुकड्यांनी भरले तरी चालतात. आणि गोची तिथेच होते, कारण पहिले दिवस एका पलटणीने मोजायचे आणि उरलेले दुसरीने. दोघींपैकी कुणीच बेरीज करत नाही.

जुन्या लोकांसाठी एक: १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर ‘गोवा १९६१’, ‘लडाख १९६२’, ‘नेफा १९६२’ असे क्लास्प आहेत. मेडल आहे आणि क्लास्प नाही, अशी कितीतरी डिस्चार्ज बुकं सातारा-सांगलीकडच्या घरांतून निघतात. तीही दुरुस्तीच आहे, अर्जाची पद्धत तीच.

मेरिटोरियस सर्व्हिस मेडल आणि लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल मात्र या यादीत धरू नका. ती ठरावीक संख्येत, निवड करून दिली जातात. तुमची शिफारस झाली नसेल तर ते ‘राहिलेलं’ मेडल नव्हे. सेना मेडल, वीरचक्र ही शौर्यपदकं तर भारताच्या राजपत्रात छापून येतात. त्यांचा पुरावा राजपत्राचा दिनांक, बाकी चर्चा नको.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. सर्व्हिस मेडल चढल्याने पेन्शन एक रुपयानेही वाढत नाही. पैसे जोडलेले आहेत ते शौर्यपदकांना. कुणी एजंट ‘मेडल चढवून पेन्शन वाढवून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका. जखमेचं मेडल हा अपवाद आहे, त्यावर खाली लिहिलंय.

पार्ट टू पडला का?

ज्यांनी ऑफिस पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जवानाच्या नोकरीत जे घडतं, म्हणजे लग्न, मूल, बढती, कोर्स, शिक्षा, जखम, मेडल, ते सगळं पलटण पार्ट टू ऑर्डरमध्ये क्रमांक आणि तारीख घालून जाहीर करते आणि रेकॉर्डला पाठवते. रेकॉर्ड ऑफिस त्यावरून शीट रोलमध्ये नोंद घेतं. शीट रोल हाच जवानाचा मूळ दस्तऐवज. डिस्चार्ज बुक ही त्यातून निवडून उतरवलेली नक्कल. तुम्ही जन्मभर ट्रंकेत जपलेलं लाल-निळं पुस्तक रेकॉर्डच्या नजरेत दुय्यम आहे, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे तसं.

पार्ट टू कुठे राहतो, याची ठिकाणं ठरलेली आहेत. पहिलं ठिकाण राष्ट्रीय रायफल्स. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान दोन-अडीच वर्षांसाठी आरआरमध्ये जातो, तिथे काश्मीर खोऱ्यात राबतो आणि परत आपल्या पलटणीत येतो. मेडलचा हक्क आरआरमध्ये तयार होतो, पण तिथला क्लार्क म्हणतो मूळ पलटण बघेल आणि मूळ पलटणीला वाटतं आरआरने केलंच असेल. दुसरं ठिकाण अटॅचमेंट, म्हणजे दुसरीकडची तात्पुरती नेमणूक. ब्रिगेड मुख्यालयात ड्रायव्हर, कुठे तरी गार्ड ड्युटी, ग्लेशियरवर दुसऱ्या युनिटबरोबर पाठवलेली टोळी. तुमच्या पलटणीचं नाव त्या भागात नसतंच, त्यामुळे यादी करताना तुमचं नाव सुटतं. तिसरं, नोकरीच्या शेवटचा काळ. मेडल लढाईनंतर जाहीर होतं, नियम येतात, याद्या मागवल्या जातात आणि तोवर माणूस पेन्शन येऊन गावी पोहोचलेला असतो. याद्या हजर माणसांच्या निघतात.

चौथं ठिकाण आमच्या भागात फार दिसतं. पलटणीतून पेन्शन आल्यावर अनेकजण डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती होतात. तिथे नंबर नवा, रेकॉर्ड ऑफिस नवं, कन्नूरला. दुसऱ्यांदा घरी आल्यावर हातात नवं डिस्चार्ज बुक असतं आणि त्यात पहिल्या नोकरीची मेडलं अर्धवट उतरलेली असतात. हे लोक अर्ज कन्नूरला करतात. पहिल्या नोकरीतल्या मेडलची दुरुस्ती पहिल्याच रेकॉर्डने करायची असते. तिथून पक्कं झालं की मग कन्नूरला कळवायचं.

पहिला कागद: शीट रोलची प्रत

अर्जाच्या आधी माहिती अधिकारात स्वतःच्या शीट रोलची प्रत मागवा. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर अर्ज होतो, फी १० रुपये. ऑनलाइन जमत नसेल तर पोस्टातून १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज पाठवता येतो. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील. स्वतःच्या नोंदी मागता आहात, तेव्हा खासगी माहितीचं कारण देऊन त्या अडवता येत नाहीत. अर्जात ओळखपत्राची प्रत मात्र जोडा.

‘माझी सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं मोघम लिहू नका. असं लिहा:

‘माझा सैनिक क्रमांक अमुक, हुद्दा अमुक, नाव अमुक. भरती दिनांक, डिस्चार्ज दिनांक, पीपीओ (पेन्शन मंजुरी आदेश) क्रमांक अमुक. कृपया पुढील माहिती द्यावी. एक, माझ्या शीट रोलची संपूर्ण प्रत. दोन, माझ्या नावे नोंद असलेल्या सर्व मेडल व क्लास्पची यादी, प्रत्येकाच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक, दिनांक व ती काढणाऱ्या युनिटच्या नावासह. तीन, त्यांपैकी कोणती मेडले प्रत्यक्ष पाठवली, कोणत्या तारखेस व कोणत्या पत्त्यावर. चार, परत आली असल्यास त्याची नोंद.’

मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत करून घ्या. मराठी अर्ज बेळगावला कुणी ना कुणी वाचेल, पण जबलपूर-सिकंदराबादला भाषांतराच्या नावाखाली पडून राहील.

या एका अर्जाच्या उत्तरात निम्मी प्रकरणं उलगडतात. यादीत मेडल आहे, पार्ट टू क्रमांकही आहे, फक्त डिस्चार्ज बुकात नाही? मग तुमचं काम सोपं, सरळ दुरुस्तीचा अर्ज करा. यादीतच नाही? मग पुरावे जमवायला लागा. एक ध्यानात ठेवा, आरटीआय फक्त माहिती देतं, नोंद दुरुस्त करायचा आदेश देत नाही. काही जण अपिलावर अपील करत दिल्लीच्या माहिती आयोगापर्यंत जातात आणि शेवटी हातात तेच उत्तर येतं की नोंद उपलब्ध नाही. त्यापेक्षा तीच ताकद रेकॉर्डच्या अर्जात घाला.

पुरावा म्हणून काय चालतं

शेजारच्या माणसाच्या छातीवर आहे म्हणून मलाही हवं, हा मुद्दा मनाला पटतो, फाइलवर चालत नाही. त्याच कंपनीतल्या जोडीदाराच्या डिस्चार्ज बुकाची प्रत जोडायला हरकत नाही, पण ती आधार म्हणून. ग्रुप फोटो, सत्काराच्या बातम्या, सरपंचाचा दाखला यांनी फाइल जाड होते, एवढंच.

खरा जोर पैशाच्या कागदात असतो. एका तोफखान्याच्या नायकाचं उदाहरण सांगतो, नाव-गाव नको. लेहच्या बाजूला दोन हिवाळे काढलेले, पण हाय अल्टिट्यूड मेडल शीट रोलमध्ये नाही. पलटणीकडून उत्तर आलं की त्या काळात सदर जवान मागच्या छावणीत होता. घरात शोधता शोधता त्याच्या पत्नीने साडीच्या पिशवीत जपलेले पगाराच्या हिशेबाचे कागद निघाले. तिमाही स्टेटमेंट, पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. त्यात महिन्यामागून महिना उंचीवरच्या नोकरीचा भत्ता जमा झालेला होता. जो माणूस मागच्या छावणीत आहे त्याला तो भत्ता मिळत नाही. त्या कागदांच्या प्रती, प्रत्येक महिन्याखाली रेघ मारून, वर दिवसांची बेरीज लिहून अर्जाला जोडल्या. पलटणीला पुन्हा पडताळणी करावी लागली आणि उशिराने का होईना, पार्ट टू पडला.

म्हणून जुने पगाराचे कागद जाळू नका, रद्दीत देऊ नका. घरी नसतील तर तुमच्या रेजिमेंटच्या पे अकाउंट ऑफिसकडे विचारणा करा, विशेषतः निवृत्ती अलीकडची असेल तर. याशिवाय मूव्हमेंट ऑर्डर, त्या भागातून सुटी आल्याचं रजेचं प्रमाणपत्र, तिथल्या फील्ड हॉस्पिटलात दाखल झाल्याचा कागद, कोर्सचा निकाल. ज्या कागदावर तारीख, जागा आणि तुमचा नंबर तिन्ही आहेत, तो कागद सोन्याचा.

नंबर आणि नावाची भानगड

कधी कधी नोंद असते पण सापडत नाही. नायब सुभेदार झालेल्या माणसाला जेसी नंबर, म्हणजे जेसीओचा नवा नंबर, मिळतो. अर्जात तो एकटाच लिहिला आणि मेडल मात्र हवालदार असतानाचं, तर शोध रिकामा निघू शकतो. दोन्ही नंबर लिहा, जुना आणि नवा, शेवटच्या अक्षरासकट. ते अक्षर लोक विसरतात.

नावाचं तर विचारू नका. आपल्याकडे ज्ञानदेवचा ज्ञानू होतो, भरतीच्या वेळी परप्रांतीय क्लार्क कानाला ऐकू येईल तसं लिहितो आणि पुढे पंचवीस वर्षं माणूस त्या नावाने हजेरी देतो. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव मध्ये की नाहीच, आधारवर एक, डिस्चार्ज बुकात दुसरं, बँकेत तिसरं. मेडलच्या अर्जात नाव लिहायचं ते डिस्चार्ज बुकात आहे तसंच, चुकीचं असलं तरी. नाव दुरुस्त करायचं असेल तर तो अर्ज वेगळा, आणि दोन्ही मागण्या एका कागदावर घालू नका. एकाच अर्जात दोन दुरुस्त्या मागितल्या की फाइल आधी नावाच्या टेबलावर जाते आणि मेडलचा विषय तिथेच मुरतो.

स्पर्श पोर्टलवर नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त झाली म्हणजे रेकॉर्डमध्येही झाली, असंही समजू नका. स्पर्श पेन्शनचं आहे, मेडल त्याच्या कक्षेत येत नाही.

दुरुस्तीचा अर्ज

पत्ता तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अभिलेख अधिकाऱ्याचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, महारचं सागर, तोफखान्याचं नाशिक रोड, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री अहिल्यानगर, बॉम्बे सॅपर्स खडकी, सिग्नल जबलपूर, ईएमई आणि ऑर्डनन्स सिकंदराबाद. नौदलाचं मानखुर्दला, वायुदलाचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. पलटणीला थेट पत्र लिहायला बंदी नाही, पण पलटण दर दोन-तीन वर्षांनी हलते, क्लार्क बदलतात. पडताळणीसाठी रेकॉर्डनेच पलटणीला लिहिलेलं बरं.

अर्जाचा विषय ‘मेडल न मिळाल्याबाबत’ असा नको. ‘शीट रोल व डिस्चार्ज बुकात अमुक मेडलची नोंद घेण्याबाबत’ असा हवा. मजकुरात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या युनिटबरोबर, कोणत्या ठिकाणी होतो आणि एकूण दिवस किती, हे एका तक्त्यात. मग मागणी स्पष्ट: संबंधित युनिटकडून पडताळणी करून पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी, शीट रोलमध्ये नोंद घ्यावी, डिस्चार्ज बुकात दुरुस्ती करून द्यावी आणि मेडल पाठवावं. चारही गोष्टी याच क्रमाने मागा. रागाने लिहिलेली तीन पानं जोडू नका. कारगिलला आम्ही रक्त सांडलं वगैरे खरं असतं, पण टेबलावरचा हवालदार क्लार्क तुमचा तक्ता शोधत असतो.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. त्यांना दुरुस्तीचा अधिकार नाही, हे आधीच समजून जा, म्हणजे तिथे भांडण होणार नाही. पण त्यांचं आवक-जावक रजिस्टर आणि शिक्का तुमच्या कामाचा आहे. एक प्रत स्वतः स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

मूळ डिस्चार्ज बुक सुरुवातीला पाठवू नका. सगळ्या पानांच्या साक्षांकित प्रती पुरतात. नोंद मंजूर झाल्यावर रेकॉर्डने मागितलं तर एकतर स्वतः जाऊन द्या, नाहीतर विमा केलेल्या पोस्टाने. आणि हात जोडून सांगतो, पुस्तकात स्वतः पेनने काही लिहू नका, कुणाकडून लिहूनही घेऊ नका. एका अक्षराची खाडाखोड दिसली की पुस्तकातल्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो, आणि प्रकरण मेडलवरून चौकशीवर जातं.

‘आपले अभिलेख नष्ट करण्यात आले आहेत’

१९६२, १९६५, १९७१ च्या लोकांना हे उत्तर येतं. पेन्शन न घेता, म्हणजे कमी नोकरीवर घरी आलेल्यांचे दस्तऐवज लष्कराच्या नियमावलीतल्या परिच्छेद ५९५ नुसार २५ वर्षांनी नष्ट केले जातात. खोटं बोलत नाहीत ते. पण सगळंच जात नाही. लाँग रोल राहतो. त्यात नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज अशा मोजक्या नोंदी असतात. तेव्हा पुढच्या पत्रात दोन गोष्टी मागा: लाँग रोलचा उतारा आणि अभिलेख नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत. पेन्शनर असाल तर हे उत्तर सहज मान्य करू नका, पीपीओ क्रमांक देऊन पुन्हा शोध घ्यायला लावा.

मग तुमचं मूळ डिस्चार्ज बुक हाच मुख्य पुरावा होतो. त्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातलं तुमचं नोंदणी कार्ड बघा. तुम्ही घरी आल्यावर पहिल्यांदा नाव नोंदवलं तेव्हा डिस्चार्ज बुकावरून ते भरलेलं असतं. पुस्तक पुरात गेलं, वाळवीने खाल्लं, तरी कार्डावर त्या वेळची मेडलं उतरवलेली सापडू शकतात. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ च्या पुरानंतर बऱ्याच घरांत या कार्डांनीच आधार दिला.

जखमेचं मेडल: इथे ढिलाई नको

पराक्रम पदक शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्याला मिळतं. बाकीची मेडलं मानाची असतात. याच्या मागे मात्र पैसाही उभा असतो, कारण ज्या नोंदीवरून हे मेडल मिळतं त्याच नोंदीवर युद्धजखमेचं पेन्शन अवलंबून आहे. ती नोंद म्हणजे बॅटल कॅज्युअल्टीचा (लढाईतल्या जखमेचा) पार्ट टू. जखम गोळीची असताना तो फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईबाहेरची इजा, म्हणून पडला, किंवा पडलाच नाही, तर मेडलही जातं आणि पेन्शन साध्या अपंगत्वाच्या दराने बसतं.

इथे अर्ज मेडलपासून सुरू करू नका. आधी कॅज्युअल्टीचं वर्गीकरण दुरुस्त करून मागा. सोबत इंज्युरी रिपोर्ट, हॉस्पिटलचा डिस्चार्ज, मेडिकल बोर्डाची कार्यवाही आणि त्या दिवशीच्या कारवाईचा कुठलाही लष्करी कागद. वर्गीकरण सुधारलं की मेडल आणि पेन्शन दोन्ही त्याच्या मागे येतात.

नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांसाठी मुंबई खंडपीठ, निवृत्त माणूस राहत्या ठिकाणावरून तिथे दाद मागू शकतो. आधी लेखी निवेदन दिलेलं हवं. त्याला अंतिम नकार आला, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, की दार उघडतं. नकारानंतर दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. पेन्शनचा प्रश्न असेल तर दर महिन्याला चालू राहणारा अन्याय म्हणून उशिरा गेलेलं प्रकरणही ऐकलं जातं, पण थकबाकी सहसा दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग यांच्या प्रकरणात हे सांगून ठेवलंय. तेव्हा बसून राहिलात त्या प्रत्येक महिन्याचा तोटा तुमचाच आहे. निव्वळ सर्व्हिस मेडलसाठी मात्र वकील लावून मुंबईच्या खेपा घालाव्यात, असं मी कुणाला सुचवत नाही. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर एक तक्रार टाका, रेकॉर्डला स्मरणपत्र द्या. बहुतेकदा तेवढ्याने फाइल हलते.

पती हयात नसतील तर

पत्नी अर्ज करू शकते, आणि करावाच. सही पत्नीची, नातं स्पष्ट, पतीचा नंबर आणि पीपीओ क्रमांक, मृत्यूचा दाखला. अडचण एकच येते: रेकॉर्डमध्ये पत्नीचं माहेरचं किंवा लाडाचं नाव आणि आधारवर सासरचं. फॅमिली पेन्शन चालू असेल तर हा गुंता बहुधा आधीच सुटलेला असतो, त्याच पीपीओची प्रत जोडा. मुलांनी परस्पर आपल्या नावाने अर्ज केला की तो त्रयस्थाचा अर्ज ठरतो. वहिनी, काकू, आजी जी कुणी असेल, सही तिचीच घ्या. अंगठा असेल तर दोन साक्षीदारांसह.

कागद झाले, मेडल हातात नाही

हे दुखणं तुमचं एकट्याचं नाही. मेडलांचा पुरवठाच वर्षानुवर्षं मागे पडलेला होता. नोकरीतली पोरंसुद्धा परेडसाठी दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या गोपीनाथ बाजारातून किंवा आपापल्या छावणीतल्या दुकानातून नकला विकत घेऊन लावत आलीत. नोंद असेल तर तशी नक्कल लावायला लाजू नका. नोंद नसताना लावलेली मात्र शोभत नाही, आणि कुणी हरकत घेतली तर उत्तर देता येत नाही.

मूळ मेडल रेकॉर्डमधून गेलं आणि पत्ता सापडला नाही म्हणून परत आलं, हेही बऱ्याचदा होतं. म्हणूनच आरटीआयच्या अर्जात चौथा प्रश्न घातलाय. घर बदललं, पिन कोड बदलला, तालुका नवा झाला, पण रेकॉर्डमध्ये जुनाच ‘मुक्काम पोस्ट’. पत्ता बदलाचा अर्ज आधी द्या. मिळालेलं मेडल नंतर हरवलं असेल तर प्रकरण वेगळं आहे: पोलिसात हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि किंमत भरून दुसरं मिळतं.

पाकीट आलं की पोस्टमनसमोरच उघडा. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. चष्मा लावून एकेक अंक डिस्चार्ज बुकाशी जुळवा. दुसऱ्याचं मेडल आलं, किंवा नंबरचा एक अंक चुकला, तर त्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने परत करा आणि सोबत फोटो जोडा. बरोबर असेल तर डिस्चार्ज बुकातल्या नव्या नोंदीची प्रत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्यांच्या कार्डावरही ते मेडल चढवून घ्या.